श्याम माळ्यावर का लपला?

मागच्या दिवाळीत पनवेलला ताईकडे गेलो होतो. भाचा चौथीत आहे. शाळेच्या कुठल्याशा स्पर्धेत त्याला ‘श्यामची आई’ बक्षीस मिळालं होतं आणि ताईच्या धाकाने तो रोज एक प्रकरण वाचत होता. पोहण्याचं प्रकरण संपवून तो माझ्याकडे आला.

“मामा, श्याम माळ्यावर का लपला? आई घरातच होती ना? ती शोधणारच. बाहेर पळून का नाही गेला?”

मी म्हटलं, “घाबरला म्हणून.”

“ते माहितीये. पण घाबरल्यावर पळतात ना?”

मला उत्तर देता आलं नाही. त्याला वाटलं, मामाने पुस्तक वाचलेलंच नाही. पुस्तक मी दोनदा वाचलंय. अडचण वेगळी होती. ३ जून २०२० च्या दुपारी, निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मीही पळालो नव्हतो. काहीच केलं नव्हतं. त्या दुपारबद्दल मी आजवर कुणाशी धड बोललो नव्हतो, आणि हा नऊ वर्षांचा मुलगा एका पुस्तकाच्या आडून नेमकं तेच विचारत होता.

म्हणून परत आल्यावर ते प्रकरण पुन्हा वाचलं. या वेळी मोठं होऊन, थोडं वैतागून. हा लेख त्या वाचनाचा आहे.

प्रकरणात काय आहे, आणि आपण काय वाचतो

साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. छापून आलं १९३५ मध्ये. मोठा झालेला श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची रचना. पोहण्याची गोष्ट सगळ्यांना आठवते. कोकणातल्या पावसाळ्यात विहिरी भरतात, पोरं पोहायला शिकतात. श्यामला पाण्याची भीती. आई म्हणते जा, तो जाऊन माळ्यावर लपतो. आई शोधून काढते, शिंपटीने मारते. रडत-ओरडत तो विहिरीवर जातो आणि पाण्यात पडतो. घरी येतो तो रुसलेला. मग आई त्याच्या अंगावरचे वळ बघून हळवी होते, त्याच्यासाठी ठेवलेलं दही देते. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हटलेलं तिला सहन होणार नाही, हे त्याला कळतं.

शाळेत याचं तात्पर्य एकाच ओळीत संपायचं: भीती वाईट, ती घालवण्यासाठी आई कठोर झाली, आईचं प्रेम थोर. परीक्षेत दोन गुण.

पण गोष्ट आणि तात्पर्य यांत फरक आहे. गोष्टीत भीतीबद्दल दोन म्हणणी एकमेकांशेजारी बसली आहेत. पहिलं आई बोलून दाखवते: भीती हा कमीपणा आहे, तो मारून काढावा. दुसरं कुणी बोलत नाही, ते फक्त घडतं. विहिरीवर श्याम एकटा नसतो, पोहणारी माणसं असतात. आणि गोष्ट विहिरीवर संपतही नाही. ती घरी येऊन, दह्यापाशी संपते. साने गुरुजींना नुसती शौर्यकथा सांगायची असती, तर श्याम पहिला हात मारतो तिथे ते थांबले असते. ते थांबले नाहीत, कारण त्यांच्यातल्या कथाकाराला ठाऊक होतं की घाबरलेल्या शरीराची गोष्ट धोका टळल्यावर संपत नाही. कुणाजवळ तरी परत आल्यावर संपते.

आपण पहिलं म्हणणं पाठ केलं, दुसरं वाचलंच नाही. माझी तक्रार पुस्तकापेक्षा या वाचनाबद्दल जास्त आहे.

भीतीचं व्याकरण

आता एक गंमत बघा. घाबरलेल्या शरीरासाठी मराठीत किती वाक्प्रचार आहेत! तोंडचं पाणी पळणं. पोटात गोळा येणं. अंगावर काटा येणं. छातीत धस्स होणं. पांढराफटक पडणं. हातपाय गळणं. बोबडी वळणं. दातखीळ बसणं. पाय जागच्या जागी खिळणं.

हे शब्द अलंकार म्हणून तयार झालेले नाहीत. कुणीतरी शरीराकडे नीट पाहिलंय. धोका जाणवला की मेंदू स्वायत्त मज्जासंस्थेला इशारा देतो आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी काही सेकंदांत अॅड्रेनालिन सोडतात. छातीचे ठोके वाढतात. पचनाचं काम मागे पडतं, पोटातल्या आणि त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. म्हणून पोटात गोळा आणि चेहरा पांढरा. पातळ लाळ सुटणं कमी होतं. म्हणून तोंडचं पाणी पळतं, अगदी शब्दशः. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आवळतात, म्हणून काटा. आपल्याला फर नाही, पण फर फुगवून मोठं दिसायची जुनी सवय अंगात राहिली आहे. मग साधारण वीस-तीस मिनिटांत कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक रक्तात चढतं आणि ही तयारी टिकवून धरतं.

आता या वाक्प्रचारांचा कर्ता शोधा. ‘माझी बोबडी वळली’ यात वळली ती बोबडी. ‘माझे हातपाय गळाले’ यात गळाले ते हातपाय. तोंडचं पाणी पळतं, गोळा येतो, काटा येतो. ‘मी’ कुठेच काही करत नाही. साधं वाक्य घ्या: ‘मला भीती वाटली’. इथेही ‘मी’ कर्त्याच्या जागेवरून उठून ‘मला’ होऊन बाजूला उभा आहे. मराठीचं व्याकरण सांगतं की भीती ही माणसावर येते, ऊन-पाऊस यावा तशी.

आणि मग येतो तो एक शब्द: भित्रा. हे विशेषण आहे. ते घटनेला लागत नाही, माणसाला लागतं आणि निघत नाही. ‘त्याला भीती वाटली’ हे त्या वेळेपुरतं विधान आहे. ‘तो भित्रा आहे’ हा निकाल. आपल्या भाषेने पिढ्यान् पिढ्या शरीराची अचूक नोंद ठेवली आणि आपण त्या नोंदीवर शिक्का मारायला शिकलो.

पोहण्याचं प्रकरण या दोन वाक्यांच्या मधोमध उभं आहे. श्यामला भीती वाटते. आईला तो भित्रा ठरण्याची भीती वाटते.

फेणे पळतो, श्याम लपतो

भाच्याचा मुद्दा होता की घाबरल्यावर माणूस पळतो. हे त्याला कुठून कळलं? जिथून आपल्या सगळ्यांना कळलं तिथून. शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये वेदना, भूक, भीती आणि राग यांत शरीरात काय बदल होतात यावर पुस्तक लिहिलं. ‘लढा किंवा पळा’ हे सूत्र त्यांच्याकडून आलं आणि इतकं गाजलं की आज रील बनवणाऱ्या प्रत्येकाला ते येतं.

आपल्या बालसाहित्यातला या सूत्राचा नायक म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. संकट दिसलं की ‘ट्टॉक’ करून हा कामाला लागतो. धावतो, सायकल हाणतो, भिडतो. बनेश फेणेचं शरीर हे कॅननचं शरीर आहे. आजही मला तो आवडतो. पण लहानपणी त्याची पुस्तकं मिटल्यावर मला नेहमी थोडं खजील वाटायचं, कारण माझं शरीर तसं वागत नव्हतं.

कॅननचं सूत्र चुकीचं नाही, अपुरं आहे. धोका दिसल्यावर बहुतेक प्राणी आधी थबकतात. स्नायू ताठ होतात, हृदयाचे ठोके थोडा वेळ मंदावतात, डोळे-कान तीक्ष्ण होतात. शिकारी हालचाल टिपतो, म्हणून न हलणं हीही एक चाल आहे. बहुधा लढण्या-पळण्याच्या आधीची. धोका फार जवळ असेल आणि सुटकेचा रस्ता दिसत नसेल तर शरीर अख्खंच जखडून जातं. माणूस शुद्धीवर असतो, सगळं ऐकत-बघत असतो, पण हात उचलत नाही आणि आवाज फुटत नाही. हा निर्णय नसतो. निर्णय घेणारा मेंदू जागा होण्याच्या आत खालच्या, जुन्या मेंदूने काम उरकलेलं असतं.

ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ जॉन लीच यांनी बोटी बुडणं, आगी, विमान अपघात अशा प्रसंगांतून वाचलेल्यांचा अभ्यास केला. त्यांच्या मते अशा वेळी साधारण तीन चतुर्थांश माणसं सुन्न होतात. शांतपणे काम करणारे थोडे, आणि सैरभैर होणारेही थोडेच. त्यांचं कारण सोपं आहे. नवी योजना जुळवायला मेंदूला काही सेकंद तरी लागतात, आणि धोका तेवढा वेळ देत नाही. ज्यांच्या डोक्यात योजना आधीच सरावाने बसलेली असते, ते हलतात. बाकीचे थांबतात.

आता श्यामकडे बघा. माळा अंधारा आहे, अरुंद आहे, ओळखीचा आहे. तिथे अंग चोरून गप्प बसता येतं. ‘आई शोधणारच’ हा हिशेब भाच्याने केला, कारण तो सोफ्यावर बसून वाचत होता. मला श्यामचं लपणं हे थबकण्याचंच एक रूप वाटतं: इतकं न हलायचं, की जगाने आपल्याला विसरून जावं.

समुद्र काय सांगतो

माझं गाव श्रीवर्धन आणि दिवेआगरच्या मध्ये येतं. पाणी ही आमच्याकडे गोष्टीतली गोष्ट नाही.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. मी तेव्हा दहावीत होतो. आमच्या नाक्यावर दोन-तीन दिवस दुसरा विषय नव्हता, आणि त्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा यायचं: “ओरडली कशी नाहीत?”

त्या मुलांचं नेमकं काय झालं ते मला माहीत असण्याचं कारण नाही. पण ‘ओरडली कशी नाहीत’ या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतले जीवरक्षक फ्रँक पिया यांनी ५० वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. बुडणाऱ्या माणसांकडे पाहण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घातली. त्यांच्या लक्षात आलं की खरोखर बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं. वर आल्या क्षणी श्वास घ्यायचा असतो, आवाजाला वेळच नसतो. हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, ते वर करता येत नाहीत. हे २० ते ६० सेकंद चालतं. सिनेमात बुडणारा ‘वाचवा वाचवा’ म्हणतो. समुद्रात बुडणारा गप्प असतो. सिनेमा बघून घडलेला आपला डोळा किनाऱ्यावर उभा राहून आवाजाची वाट बघतो.

याहून मोठी घटना आमच्या आजी-आजोबांच्या पिढीची. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिना उरला होता. सणाला घरी निघालेले चाकरमानी, व्यापारी, कोळी. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला बातमीसुद्धा काही तासांनी कळली. रेवसच्या बाजूच्या मच्छीमारांनी जमेल तितक्यांना आपल्या होड्यांत ओढून घेतलं.

रामदासची गोष्ट रायगडच्या किनाऱ्यावर आजही सांगितली जाते. ती दोनच प्रकारे सांगितली जाते, हे मला हल्ली खटकतं. एक, तरंगत-पोहत वाचलेल्या एका लहान मुलाची शौर्यकथा. दुसरी, मोठी लाट आत आल्यावर लोक घाबरून एका बाजूला धावले आणि बोट कलली, म्हणजे घबराटीने घात केला. एका बाजूला वीर, दुसऱ्या बाजूला गर्दी. त्या बोटीवर कठडा धरून नुसती उभी राहिलेली माणसंही असणार. कुणी मांडीवरचं पोर घट्ट धरून बसलं असेल, कुणाची वाचा बसली असेल. त्यांच्यासाठी आपल्याकडे कथेचा साचाच नाही. आणि दोन्ही साच्यांत एक गोष्ट निसटते. भर आषाढात, बिनतारी यंत्राशिवाय बोट सोडली गेली, हा काही प्रवाशांच्या भित्रेपणाचा भाग नव्हता.

कोळी समाजाने या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणपण दाखवलं आहे. आषाढात होड्या ओढून ठेवायच्या, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मगच आत जायचं. इथे भीती कुणा एकाच्या छातीत धडधडत नाही. ती पंचांगात आहे. ती सगळ्यांची असल्यामुळे तिची कुणाला लाज नाही.

जखडलेलं शरीर कोर्टात

हे सगळं पोहण्यापुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. ‘काहीच का नाही केलंस?’ हा प्रश्न कोर्टातही विचारला गेला आहे, आणि महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात.

२६ मार्च १९७२ ला तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. आरोपी पोलीस होते. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर इजेच्या खुणा नव्हत्या, झटापटीचा पुरावा नव्हता, हे तिच्याविरुद्ध गेलं. शांत शरीराचा अर्थ संमती असा लावला गेला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन झालं. १९८३ मध्ये कायदा बदलला. निव्वळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट यायला मात्र २०१३ उजाडलं.

२०१७ मध्ये स्वीडनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बलात्कारानंतर महिनाभराच्या आत तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रियांनी त्या वेळी आपलं शरीर लक्षणीयरीत्या जखडून गेल्याचं सांगितलं. म्हणजे न हलणं हा अपवाद नव्हता, तो बहुसंख्यांचा अनुभव होता.

शिंपटीच्या गोष्टीवरून मथुरेकडे जाणं काहींना उडी वाटेल. मला ती एकाच रस्त्यावरची दोन गावं वाटतात. लहानपणी आपण शिकतो की धाडसी शरीर हालचाल करतं आणि न हलणारं शरीर काहीतरी लपवतंय. हे शिकलेली मुलं मोठी होऊन नाक्यावर, घरात आणि न्यायासनावर बसतात.

आईची भीती

कुणी म्हणेल, १९३३ च्या पुस्तकाला आजचं मानसशास्त्र लावू नका. मान्य. मला आईवर खटला चालवायचाच नाही. उलट पुन्हा वाचताना मला तीच जास्त दिसली.

या प्रकरणात घाबरलेली माणसं दोन आहेत. श्याम पाण्याला घाबरतो आणि लपतो. आई लोकांना घाबरते आणि मारते. शिंपटी हा तिच्या भीतीचा हात आहे. घरावर कर्ज, वैभव गेलेलं, सावकाराच्या माणसाने दारात येऊन अपमान करावा अशी वेळ. अशा घराकडे अब्रू सोडून उरलंय काय? त्यात पोरगा भित्रा निघाला तर तीही गेली. श्यामची भीती एका सकाळची आहे. आईची वर्षानुवर्षांची.

हान्स सेली यांनी १९३६ मध्ये ताणाबद्दल जे मांडलं, ते इथे आठवतं. शरीर आधी गजर वाजवतं, मग टक्कर देत राहतं, आणि ताण हटलाच नाही तर शेवटी थकतं. मिनिटांसाठी बनवलेली यंत्रणा वर्षं चालवली की ती झिजवायला लागते. ‘श्यामची आई’ हे पुस्तक आपण मातृप्रेमाची पोथी म्हणून वाचतो. ते सतत ताणाखाली राहिलेल्या एका बाईच्या शरीराचं चरित्र म्हणूनही वाचता येतं, आणि तसं वाचल्याने तिचं थोरपण तसूभर कमी होत नाही. फक्त ‘आई म्हणजे सहनशक्ती’ असं म्हणताना जीभ थोडी अडखळते. अडखळावी.

सेलीचा तिसरा टप्पा आमच्या गावाने निसर्गनंतर पाहिला. वारा काही तासांचा होता. पण पोफळ लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. वीज यायला आठवडे गेले, वाड्या उभ्या राहायला वर्षं. ज्यांच्या आयुष्यभराच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या, ती माणसं नंतर कित्येक महिने ढग दिसले की अंगणात येऊन उभी राहायची. त्यांना कुणी भित्रं म्हटलं नाही. तेवढं शहाणपण आलं होतं.

३ जून

आता माझी दुपार.

लॉकडाऊनमुळे मी पुण्याहून घरी आलेलो. बाबा मुंबईत अडकलेले. घरात आई, आजी आणि मी. साडेबाराच्या सुमारास वारा इतका वाढला की वाडीतल्या पोफळी मोडतानाचे आवाज वेगवेगळे ऐकू येईनात. कौलं उडायला लागली. आजी पश्चिमेच्या खोलीत कॉटवर. आई ओरडली, “आजीला माजघरात आण!”

मी माजघरात भिंतीला टेकून बसलो होतो, हातात रेंज गेलेला फोन. आईचं वाक्य मला पूर्ण ऐकू आलं. अर्थही कळला. उठलो नाही. समोर कॅलेंडर होतं, त्यावर अजून मे महिनाच होता, आणि मी तारखा वाचत होतो. १७, १८, १९. किती वेळ, सांगता येत नाही.

मग आई माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “आजीचा डावा हात तू धर. उजवा मी धरते.”

मी उठलो. आम्ही आजीला आणून माळ्याखालच्या कोपऱ्यात बसवलं. पश्चिमेच्या खोलीचं छप्पर नंतर गेलं. आजीला खरचटलंसुद्धा नाही. संध्याकाळी वारा पडल्यावर माझे पाय थरथरायला लागले आणि बराच वेळ थांबेनात.

नंतर काकांनी ते गमतीत घेतलं. “एवढा शिकलेला पोरगा, आणि भिंतीला चिकटून बसला होता.” प्रत्येक लग्नात, बारशाला. मीही हसायचो. शिंपटीचे वळ तसे दोन दिवसांत जातात.

प्रकरण पुन्हा वाचल्यावर मी आईला फोन करून पहिल्यांदाच विचारलं, “मी तेव्हा बसून राहिलो, तुला राग आला नव्हता?”

“तू बसला होतास? मला वाटलं, फोनला रेंज येते का बघतोयस.” मग थोडं थांबून म्हणाली, “माझेच पाय कापत होते रे. एकटीच्याने आजी उचलली नसती, म्हणून तुझ्याकडे आले.”

म्हणजे ती मला धीर द्यायला आली नव्हती. घाबरलेलं एक माणूस दुसऱ्याकडे आलं होतं. शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलं होतं की ताणाखाली माणसं लढतात आणि पळतात, तशी एकमेकांजवळही जातात, सांभाळतात. हीदेखील शरीराचीच प्रतिक्रिया आहे. आईने हे वाचलेलं नाही. तिने मला शूर हो म्हटलं नाही, भित्रा म्हटलं नाही. एक हात सांगितला, तोही डावा की उजवा यासकट. गोठलेल्या डोक्याला तेवढंच काम पेलणार होतं.

साने गुरुजींच्या गोष्टीतलं न बोललेलं दुसरं म्हणणं हेच आहे. आपण दर पिढीला शिंपटी वाचून दाखवतो आणि विहिरीतली माणसं गाळतो. भीती गेल्यावर माणूस पाण्यात उतरतो, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा आधी पाण्यात कुणीतरी असतं, मग रोज थोडं थोडं उतरणं होतं, आणि भीती कधी मागे राहिली ते कळत नाही. रोजच्या उतरण्यातून शरीराला जी योजना मिळते, ती माराने मिळत नाही. मारामुळे फक्त पाण्याशेजारी दुसरा एक धोका उभा राहतो, आणि मूल त्यातल्या त्यात लहान धोका निवडतं. याला आपण धाडस म्हणतो.

भाच्याला मी व्हिडिओ कॉलवर उत्तर दिलं. म्हटलं, “श्यामच्या अंगाने ठरवलं, त्याने नाही. माळा त्याच्या ओळखीचा होता.”

त्याने विचार केला. “मग तो भित्रा नव्हता?”

“त्याला भीती वाटली होती.”

“मलाही वाटते. पाण्याची.” हे त्याने ताई ऐकणार नाही इतक्या हळू सांगितलं.

मे महिन्याच्या सुट्टीत तो गावी येणार आहे. कमरेला बांधायला रिकामा कॅन आणून ठेवलाय. विहिरीत आधी मी उतरेन.